दगडाखालचे कपडे

सरोवरातल्या आमच्या वायरापाता बेटावर माणूस लांबून दिसला की आधी त्याची टोपी दिसते. टोपीचा शेंडा पांढरा असला तर पोराचं लग्न व्हायचंय, सगळी टोपी लाल असली तर झालंय. जवळ आला की कमरपट्टा दिसतो, त्यावरून तो कुणाच्या घरचा ते कळतं. तोंड बघायची वेळ येते ती शेवटी. काळी विजार, पांढरा सदरा, आखूड बंडी आणि खांद्याला चघळायच्या कोकाच्या पानांचा बटवा. वाटेत दोन पुरुष भेटले की हात मिळवत नाहीत, एकमेकांच्या बटव्यात चिमूटभर पानं टाकतात आणि पुढे जातात. हे सगळं ज्याच्या अंगावर नाही तो वायरापातावर पाहुणा, आणि पाहुण्याने अंधार पडायच्या आत परतीची होडी धरावी असं आम्हाला वाटतं.

साबिना माझी थोरली बहीण. तिचा नवरा सेलेदोनियो युकरा, म्हणजे माझे दाजी.

आमच्याकडे टोप्या पुरुषच विणतात. मुलगी मागायला आलेल्याने स्वतः विणलेली टोपी आणायची आणि मुलीच्या बापाने ती उलटी धरून तिच्यात पाणी ओतायचं. टोपी गळली तर पोराने आल्या वाटेने परत जायचं. दाजींच्या टोपीत बाबांनी पाणी ओतलं, मग या वर्षी बटाटे कसे आले याच्या गप्पा निघाल्या, आणि बाबा हातातली टोपी विसरूनच गेले. उठताना त्यांनी खाली बघितलं. जमीन कोरडी होती. ताई आतून बघत होती, ती तिथेच हसायला लागली.

लग्नाआधी ताईने केस कापले. तीही इथली रीत आहे. बायको आपले केस वळून नवऱ्याच्या कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला विणते. बाहेरून पट्टा रंगीत, आतून काळेभोर केस. उतारावरून ओझं वाहताना पाठ धरून ठेवायला बायको असते, असं बायका म्हणतात. ताईचे केस दाट होते. पट्टा इतका जाड झाला की दाजींना तो दोनदा पाण्यात भिजवून मऊ करावा लागला.

दाजींच्या घरी भाऊ फार आणि जमीन थोडी. रुफिना झाली त्या वर्षी ते कामाला अरेकिपा शहरात गेले. तिथे बेनाविदेस नावाच्या शिंप्याचं पुरुषांचे कपडे शिवायचं दुकान होतं. आधी इस्त्रीला बसले, मग कच्चे टाके घालायला, आणि बोटं बघून मालकाने त्यांना कापड बेतायला शिकवलं. पेरणीला आणि सणाला ते बेटावर येत. आले की आमच्यासारखेच. लाल टोपी, बंडी, पट्टा, बटवा. आल्या आल्या तायता इलारियोच्या बटव्यात पानं टाकत. तायता म्हणजे बापासारखा माणूस; इलारियो गावातले थोरले होते, त्यांना सगळेच तायता म्हणतात.

रुफिना चार वर्षांची होऊन तापाने गेली. दाजी आले ते तिला पुरल्यानंतर. निरोपच उशिरा पोचला, असं ते म्हणाले. ताईने काही विचारलं नाही. तिने त्यांना गरम सूप वाढलं आणि त्यांची ओली टोपी चुलीपाशी वाळत घातली.

त्यांना दुसरं मूल झालं नाही. वर्षं अशीच गेली. तिकडे शहरात दाजी काय घालतात, याचा विचार आमच्यापैकी कुणी कधी केला नाही. कशाला करेल? बेटावरच्या माणसाचे कपडे बेटावरचेच असणार.

ताई गेली ती गारांच्या दिवसांत. छातीत पाणी झालं होतं. ती गेल्याचा निरोप मिळताच दाजी तिकडचं सगळं आवरून कायमचे निघाले, पण वाटेत दरड कोसळली होती. ते धक्क्याला लागले तेव्हा ताईला मातीत ठेवून आम्ही खाली उतरत होतो.

होडीतून उतरलेला माणूस मी ओळखला नाही. निळा सूट, पांढरा शर्ट, काळे बूट, डोक्यावर काठाची हॅट. एका हातात मोठी पेटी, दुसऱ्या हातावर गव्हाळी रंगाचा लांब ओव्हरकोट. मला वाटलं, जमिनी मोजायला कुणी सरकारी माणूस आलाय. आईने माझं मनगट दाबलं. ती माणसं चालीवरून ओळखते. हळूच म्हणाली, "अगं, सेलेदोनियो आहे."

तायता इलारियो पुढे झाले. सवयीने त्यांच्या मुठीत पानं आली होती. त्यांनी दाजींच्या खांद्याकडे बघितलं, बटवा शोधला. बटवा नव्हता. हात तसाच थांबला आणि मग तायतांनी पानं परत आपल्या बटव्यात टाकली. सगळ्या गावाने ते पाहिलं.

त्या दुपारी ताईच्या घरात बोलणी झाली. तायता म्हणाले की पेटीत विजार-बंडी असेल ती घाल, मग बोलू. दाजी म्हणाले, शहरात सुतकाला असेच गडद कपडे घालतात, हे सुतकाचेच आहेत.

"कुणाच्या सुतकाचे?" तायतांनी विचारलं. "इथे मेली ती साबिना."

दाजींनी हॅट काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं ते पूनोच्या बंदरावर एका खानावळीच्या मागच्या खोलीत कपडे बदलायचे आणि बेटाचा माणूस होऊन होडीत बसायचे. जाताना पुन्हा तिथेच बदलायचे. दुकानात एक गिऱ्हाईक यायचं, औषधवाला होता, तो एकेक कापड गालाशी धरून आरशात बघत दुपार घालवायचा. आपल्याला काय शोभतं, काय आवडतं, असं माणूस स्वतःलाच विचारू शकतो, हे दाजींना तोवर सुचलंच नव्हतं. मग त्यांनी सावकाश एकेक कपडा जमवला. नवा कपडा आधीच्या कपड्यांबरोबर जमतो का, हे बघून. ती आवड त्यांनी घरी कधी आणली नाही.

"साबिनाने जो बघितला तो अर्धाच माणूस," ते म्हणाले. "ती गेली. आता मेलेल्यापासून काय लपवायचं?"

तायता रागावले नाहीत. ते समजावायच्या सुरात म्हणाले, "कपडे आपण आपल्यासाठी घालत नाही रे. बघणाऱ्यासाठी घालतो. धुक्यात बांधावर उभा आहे तो आपला की परका, हे त्याला लांबून कळावं म्हणून."

"टोपी सांगते माझं लग्न झालंय. मला काय आवडतं, हे कुठली टोपी सांगते?"

"ते तुला विचारलंय कुणी?"

खरंच, कुणी विचारलेलं नव्हतं. दाजी हसल्यासारखं काहीतरी करून बाहेर बघत राहिले. त्यांनी सूट उतरवला नाही. तायता उठून गेले, आणि त्यांच्या मागे बाकीचेही.

पाचव्या दिवशी आम्ही ताईचे कपडे सरोवरावर धुवायला नेले. माणूस गेल्यावर पाचव्या दिवशी त्याचं सगळं नेसतं-पांघरतं धुतात. घरातून सगळे बाहेर पडतात, दारापासून चुलीपर्यंत चाळलेली राख पसरतात आणि दार ओढून घेतात. गेलेलं माणूस घराचा निरोप घ्यायला येतं. आम्ही तिचे घागरे खडकांवर वाळत घातले. दाजी निळ्या सुटात, बूट काढून, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे होते. तिची काळी शाल त्यांनी एकट्याने पिळली, कुणाला हात लावू दिला नाही.

परत आलो. आईने दार उघडलं आणि वाकून राख बघितली.

ताईच्या उजव्या पायाची करंगळी लहानपणी दगडाखाली सापडली होती, ती बाहेर वळलेली असायची. राखेत ती करंगळी मला स्पष्ट दिसली. पावलं उंबऱ्यावरून आत आली होती, दोनच. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी खोल उमटली होती, माणूस एका जागी बराच वेळ उभा राहिल्यावर उमटतात तशी. मग ती वळून बाहेर गेली होती. चुलीपर्यंतची सगळी राख कोरी होती.

समोरच्या भिंतीला खुंटीवर दाजींचा ओव्हरकोट आणि हॅट टांगलेली होती. उंबऱ्यावरून बघितलं तर तिथे कुणी परका माणूस पाठमोरा उभा आहे असंच वाटत होतं. मलाही क्षणभर वाटलं.  आईने राख झाडून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूप घेऊन गेले तर दाजी अंगणात उभे. दाराबाहेरच्या बुटक्या भिंतीवर त्यांचे शहरी कपडे ठेवलेले होते. सूट, शर्ट, राखाडी विजार, सगळं घडी करून एकावर एक, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक दगड.

आमच्याकडे कुणी वाटसरू घरात काही विसरून गेला की ते असं भिंतीवर दगडाखाली ठेवतात. त्याने येऊन आपलं आपण न्यावं, घरच्यांना हाक मारायला लागू नये.

दाजींना वाटलं हे गावकऱ्यांचं काम. ते तडक तायतांकडे गेले. तायतांनी आपल्या मेलेल्या बापाची शपथ घेऊन सांगितलं की गावातलं कुणी त्या घरापाशी फिरकलेलं नाही. मला आईचा संशय आला. मी तिला माझ्याकडे झोपायला आणलं. दाजींनी आतून अडसर घातला. सकाळी अडसर जागच्या जागी आणि कपडे बाहेर भिंतीवर.

मी ती घडी नीट बघितली. शर्टाच्या बाह्या मागे वळवून कॉलर आत दुमडलेली. अशी घडी ताई घालायची. आईलाही तशी येत नाही, मलाही नाही. ताईने ती स्वतःच शोधून काढली होती, म्हणायची की अशाने गळा मळत नाही.

पेटीत दाजींची जुनी विजार, बंडी, लाल टोपी आणि तो केसांचा पट्टा होता. त्यांना कधी हात लागला नाही. घोंगड्यांना नाही, विणकामाला नाही. बाहेर जायचे ते शहरी कपडे तेवढे.

दाजी वाळत चालले. जेवण समोर ठेवलं तर चमचा फिरवत बसायचे. एकदा मी फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाले की पहाटे जाग येते तेव्हा खोलीत कुणीतरी श्वास रोखून धरलेला असतो. आधी वाटलं आपलाच भास. मग त्यांनी स्वतःचा श्वास थांबवून ऐकलं. दाराजवळच्या कोपऱ्यात कुणीतरी अजिबात आवाज न करता उभं होतं, आणि ते उभं राहणं त्यांना ऐकू येत होतं.

"मला भीती वाटते लेओनार्दा," ते म्हणाले. "माझ्याच बायकोची."

मी हे आईला सांगितलं. आई तेव्हा ओकाचे कंद सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याबरोबर दाजींकडे आली. दारातच उभी राहून बोलली.

"तुला भीती वाटते होय रे? तिला किती वाटत असेल त्याचा विचार कर. तिने तुला ओळखलेलंच नाही. घरी आली तर नवरा नाही, आणि तिच्या अंथरुणात कुणी परका पुरुष झोपलेला. ती तरी काय करणार? कोपऱ्यात श्वास धरून उभी राहते आणि उजाडलं की त्याचं सामान बाहेर ठेवते. जा बाबा, म्हणते."

दाजींचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी माणसाचा चेहरा पुन्हा पाहिला नाही. ताई त्यांच्यावर चिडली असेल, हे त्यांनी धरलं होतं. ती घाबरली असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

तायतांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना ते अगदी सोपं वाटलं. विजार-बंडी घाल, टोपी घाल, उद्यापासून घर शांत होईल. आईचंही तेच म्हणणं होतं. मीही तेच म्हणाले. दाजींनी पेटी उघडली, बंडी हातात घेतली, बराच वेळ तशीच धरून बसले. मग परत ठेवली.

"घातली तर ती ओळखेल," ते म्हणाले. "पण ओळखेल तो खोटाच. मग मी मरेपर्यंत या घरातसुद्धा बंदरावरच्या खोलीसारखं राहायचं का?"

आईने त्यांना वेडा म्हटलं. पण ती गेली नाही, चुलीपाशी बसून राहिली. दाजींनी मलाही थांबायला सांगितलं. एकट्याने धीर होत नव्हता.

दुपार होती. ऊन दारातून चुलीपर्यंत आलं होतं. दाजींनी पेटीतले आणि भिंतीवरचे सगळे कपडे अंथरुणावर मांडले. मग उंबऱ्याकडे तोंड करून बसले आणि बोलायला लागले, जसं कुणी प्रवासातून आल्यावर बायकोला सांगतं तसं. हा निळा सूट पहिला. दुकानात एका गिऱ्हाइकाने कापड बदलून मागितलं, तुकडा उरला, तो मालकाने मला दिला. उजव्या बाहीला जोड आहे, बघ, इथे, कुणाला कळत नाही. ही राखाडी विजार, हिच्यासाठी मी दोन हिवाळे थांबलो, कारण मला हवा तसा राखाडी मिळत नव्हता. पावसाआधी सरोवराचा असतो तसा. हे तपकिरी बूट.

आमच्याकडे चुलीच्या कडेला गिनिपिग पाळतात. दिवसभर त्यांची शीळ चालू असते, कानाला इतकी सवय असते की ती ऐकूच येत नाही. दाजींनी जाड काळ्या लोकरी कापडाचा एक कोट उचलला आणि त्याच वेळी ती शीळ थांबली. एकदम सगळ्यांची. मी खाली बघितलं. सगळे गिनिपिग उंबऱ्याकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या नाकाचे शेंडेसुद्धा हलत नव्हते.

दाजींचा आवाज बदलला, पण ते थांबले नाहीत.

"हे कापड तुझं आहे," ते म्हणाले. "तू विजारीसाठी कातून विणून दिलं होतंस. पुढच्या वर्षी तू विचारलंस विजार कुठे आहे, मी सांगितलं बसमध्ये चोरीला गेली. चोरीला नव्हती गेली. मी याचा कोट बेतला. दुकानातल्या सगळ्या कापडांत मला हेच आवडलं होतं. मालक म्हणाला असलं कापड कुणी विणलं, मी म्हटलं मला माहीत नाही. सांगायला हवं होतं. तू विणलंस."

उन्हाच्या पट्ट्यात काहीच नव्हतं. पण आईने हळूच आपले पाय मागे ओढून घेतले, वाट द्यावी तसे.

मग एका गिनिपिगने शीळ घातली, मग दुसऱ्याने, आणि घर पुन्हा नेहमीसारखं झालं. दाजींच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्यांनी कपडे गोळा केले. खुंटीवरच्या गव्हाळी ओव्हरकोटाबद्दल ते काहीच बोलले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

सकाळी भिंतीवर सूट नव्हता, शर्ट नव्हता, विजार नव्हती. ओव्हरकोट तेवढा होता, दगडाखाली.

त्यांनी तो आत नेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा बाहेर. तिसऱ्या सकाळी ते माझ्याकडे आले. कोट हातातच होता. खाली बसले आणि आईच्या पायांकडे बघत बोलायला लागले.

रुफिनाच्या तापाचा निरोप वेळेवर पोचला होता. बसस्टँडवरच्या माणसाने दुकानात येऊन तोंडी सांगितला होता. हा कोट तेव्हा कच्च्या टाक्यांवर होता. असं उंटाच्या लोकरीचं कापड पुन्हा हाती येणार नव्हतं, आणि मालक दुसऱ्या दिवशी त्याची शेवटची ट्रायल घेऊन देणार होते, नंतर ते गावाला जाणार होते. पोरांना ताप येतो आणि उतरतो, असं दाजींनी स्वतःला सांगितलं. ते एक दिवस थांबले. पूनोला आले तेव्हा होडी सुटली होती.

"पोर त्या रात्री गेली का पहाटे, मला अजून माहीत नाही," ते म्हणाले. "विचारायचं धाडस झालं नाही."

आईला माहीत होतं. तिने सांगितलं नाही. ती कोटाकडे बघत म्हणाली, "मला काय सांगतोस? जिला सांगायचं तिला सांग."

ते घरी गेले. या वेळी मला बोलावलं नाही. दार आतून लावलं होतं. मी आमच्या बांधावरून बघत होते. दुपारभर धुराड्यातून धूर निघाला नाही.

सकाळी कोट भिंतीवर नव्हता. खुंटीवरही नव्हता. दाजी माझ्याकडे धावत आले, आम्ही घर उलथंपालथं केलं, पेटी रिकामी केली, सरोवराच्या काठापर्यंत बघून आलो. तेवढ्यात तायता इलारियो वरच्या वाटेने उतरताना दिसले. ते मेंढ्या सोडायला पहाटे स्मशानाच्या अंगाने जातात. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. बेटावरचा पुरुष टोपी हातात घेऊन चालताना मी त्याआधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "चल वर."

रुफिनाची कबर कोपऱ्यात आहे, लहानशी. तिच्यावर तो कोट पांघरलेला होता. कॉलर डोक्याकडे, दोन्ही बाह्या कडांना खाली खोचलेल्या, मूल कुशीवर वळलं तर पांघरूण सरकू नये म्हणून खोचतात तशा. चारही कोपऱ्यांवर गोल दगड. रात्री गारा पडल्या होत्या. आजूबाजूची माती सगळी फुटली होती. कोटावर गारा पांढऱ्या होऊन साचल्या होत्या आणि खालची माती कोरडी होती. तायतांनी कड उचलून बघितलं होतं.

दाजी खाली बसले. त्यांनी कोटाला हात लावला नाही. गारा तेवढ्या एकेक उचलून बाजूला टाकत राहिले.

तो कोट कुणी तिथून हलवला नाही. दोन पावसाळ्यांत त्याचं अस्तर गेलं, मग कापड मातीच्या रंगाचं झालं, आणि आता तिथे नुसतं गवत आहे.

त्यानंतरच्या रविवारी चौकात सगळं गाव जमलं होतं. दाजी आले ते डोक्यावर लाल टोपी, अंगात ताईच्या कापडाचा काळा कोट, खाली ती राखाडी विजार, आणि कमरेला केसांचा पट्टा. लोक कुजबुजायला लागले. असं धड ना इथलं ना तिथलं रूप कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालंही की वरून बेट आणि खालून अरेकिपा. तायता चालत दाजींपर्यंत गेले. मुठीत पानं होती. बटवा नव्हताच, दाजींनी कोटाचा वरचा खिसा उघडून धरला. परक्याच्या घरात हात घालावा तसा चेहरा करून तायतांनी पानं त्या खिशात टाकली. मग म्हणाले, "हे मला पटलेलं नाही, सेलेदोनियो. पण साबिनाने तुला घरात घेतलंय. मी कोण?"

नंतर एका वर्षी गावाच्या कारभाराची पाळी दाजींवर आली. त्यांनी ते वर्षभर पूर्ण रीतीचे कपडे घातले, एक दोरासुद्धा इकडेतिकडे नाही, हातात कारभाऱ्याची काठी घेऊन भांडणं मिटवली. काठी खाली ठेवली त्या दिवशी ते पुन्हा आपल्या कोटात आले. तायतांना ते बरोबर वाटलं. पाळी गावाची होती, ती गावाच्या कपड्यांत झाली. दाजींना त्यात कुणापुढे हार मानल्यासारखं वाटलं नाही, असं ते मला म्हणाले. या वेळी त्यांनी काय घातलंय आणि का, हे घरी माहीत होतं.

अजूनही पूनोहून काही नवीन आणलं की ते पहिल्या संध्याकाळी अंथरुणावर ठेवतात आणि कुठून घेतलं, का घेतलं ते सांगतात. एकदा त्यांनी पिवळ्या चौकड्यांचा मफलर आणला होता. सकाळी तो भिंतीवर दगडाखाली होता. दाजींनी तो मुकाट्याने दुकानदाराला परत केला.

आता त्यांचे गुडघे गेलेत. वरच्या शेतात मीच जाते. आई फारच म्हातारी झालीय, पण बोलायची थांबलेली नाही. परवा दाजी जेवायला आले होते तेव्हा तिने सरळ विचारलं की तू मेलास तर तुला घालायचं काय. बंडी-विजार की तो कोट? आधी सांगून ठेव, नंतर पोरींचा गोंधळ होतो.

दाजींनी सूप संपवलं, वाडगा पुसून ठेवला. "तिलाच विचारा," ते म्हणाले.

आई हसली नाही. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू विचार. तुझा आवाज तिच्या ओळखीचा आहे."

मी अजून विचारलेलं नाही.